शंकूवरचे आकडे

सात वर्षांपूर्वी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी एक स्लाइड दाखवली होती. वर निमुळता होत गेलेला शंकू आणि त्यावर आकडे. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं आणि ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि स्वतः करता करता बोललेलं ९० टक्के. खाली नाव होतं, एडगर डेल. त्यांचा 'अनुभवशंकू' मी बी.एड.च्या परीक्षेत लिहिला होता. आकडे मात्र कुणाच्या तरी पीपीटीतून उचलले होते.

मागून एक गुरुजी उठले. निवृत्तीला आलेले.

"सर, आमची आई शाळेची पायरी चढली नाही. देवळात नुसतं ऐकून तिला अख्खा हरिपाठ तोंडपाठ झाला. तुमच्या हिशेबानं ते वीस टक्के कसं काय?"

सगळे हसले. मीही हसलो. "गुरुजी, हे संशोधन आहे," एवढं म्हणून पुढच्या स्लाइडवर गेलो.

महिन्याभरानं तीच स्लाइड मी गावात दाखवली. शाळा 'डिजिटल' करायची होती. लोकवर्गणी जमली, प्रोजेक्टर आला. नंतर वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायचा विषय निघाला, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एकानं माझाच आकडा मला ऐकवला. "वाचलेलं दहाच टक्के राहतं ना सर? मग कशाला?" पुस्तकं राहून गेली.

पुढे मी शैक्षणिक तंत्रविज्ञानात एम.ए. करायला घेतलं. वर्गात निम्मे शिक्षक, निम्मे कंपन्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवणारे इन्स्ट्रक्शनल डिझायनर. मला वाटलं होतं, इथे नवनवी ॲप्स शिकवतील. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी पडद्यावर तोच शंकू लावला आणि गृहपाठ दिला : हे आकडे कोणी, कधी, कुणावर मोजले ते शोधून आणा.

मी डेलपासून सुरुवात केली. ते अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४६ साली त्यांचं दृक्-श्राव्य अध्यापनपद्धतींवरचं पुस्तक आलं, त्यात हा शंकू आहे. तळाशी प्रत्यक्ष अनुभव. वर जाताना प्रतिकृती, नाट्य, प्रात्यक्षिक, सहल, प्रदर्शन, चित्रपट, रेडिओ. आणि टोकाला शब्द. पण आकडा एकही नाही. तळाचं ते चांगलं आणि टोकाचं ते वाईट, असंही डेल म्हणत नाहीत. ठोस अनुभवाकडून अमूर्त विचाराकडे जाणारी ती एक मांडणी आहे. तिचा शब्दशः अर्थ घेऊ नका, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं.

तो काळ समजून घ्यायला हवा. चित्रपट आल्यावर आता शाळेतली पुस्तकं जाणार, असं भाकीत थॉमस एडिसननं १९१३ मध्येच केलं होतं. पुस्तकं गेली नाहीत. मग दुसरं महायुद्ध आलं. लाखो नव्या सैनिकांना झटपट तयार करायचं होतं, म्हणून अमेरिकेनं प्रशिक्षणाच्या फिल्म्स मोठ्या प्रमाणावर बनवल्या आणि मानसशास्त्रज्ञांनाही कामाला लावलं. 'व्हाय वुई फाइट' या मालिकेतल्या फिल्म्स सैनिकांना दाखवून काय फरक पडतो, हे कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. १९४९ मध्ये ते पुस्तकरूपानं आलं. फिल्म पाहून सैनिकांची माहिती वाढली होती. लढायची इच्छा मात्र फारशी वाढली नव्हती, आणि फिल्म्स काढल्या होत्या त्या मुख्यतः त्यासाठीच.

हे वाचताना मी थबकलो. म्हणजे या विषयाच्या बाळपणीच कुणीतरी मोजून पाहिलं होतं आणि न आवडणारं उत्तर छापलंही होतं.

युद्धानंतर ओहायो स्टेट, इंडियाना, सदर्न कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांमध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास वाढत गेला. सुरुवातीला भर यंत्रांवर होता. पण तंत्रविज्ञान म्हणजे यंत्र नव्हे, ती विचार करण्याची एक रीत आहे, असं जेम्स फिन मांडू लागले. युद्धकाळात लष्करी प्रशिक्षणाचं काम केलेले रॉबर्ट गॅन्ये यांनी १९६५ च्या पुस्तकात आधी हे विचारलं, की शिकणाऱ्याला शेवटी नेमकं काय करता यायला हवं? साधन त्यानंतर ठरवायचं. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानं लष्करासाठी जी पद्धत तयार केली, तिच्यातूनच आज प्रत्येक इन्स्ट्रक्शनल डिझायनरला पाठ असलेले पाच टप्पे आले : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन.

मग माझे आकडे आले कुठून? धागा १९६७ पर्यंत मागे जातो. फिल्म आणि दृक्-श्राव्य साधनांविषयीच्या एका नियतकालिकात डी. जी. ट्रायक्लर नावाच्या गृहस्थांचा लेख आला. ते मोबिल या तेल कंपनीत नोकरीला होते. लेखात हे सगळे टक्के आहेत; पण प्रयोग कुठला, माणसं किती, मोजलं कधी, यातलं काहीच नाही. पुढे कुणीतरी ते टक्के डेलच्या शंकूवर चिकटवले. आकड्यांना प्राध्यापकाचं नाव मिळालं आणि शंकूला विज्ञानाचा रुबाब. २०१४ मध्ये 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' नियतकालिकात अभ्यासकांनी या भेसळीचा सविस्तर पंचनामा केला. तरी स्लाइड फिरतेच आहे.

खरं तर संशय घ्यायला संशोधनाचीही गरज नव्हती. माणसाची आठवण अशी दहा-दहाच्या पटीत नीटनेटकी कशी मोजली जाईल? कविता वाचलेली, सूचना ऐकलेली, सायकल चालवलेली, सगळ्यांना एकच फूटपट्टी कशी लागेल? आणि लक्षात कधीपर्यंत राहिलं, संध्याकाळपर्यंत की वर्षभर? पण गोल आकडा सांगायला सोपा, ऐकायला गोड आणि काही विकायचं असेल तर फारच सोयीचा.

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी तर आणखी खळबळ उडवून दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून जेवणातलं पोषण वाढत नाही, शिकवणं महत्त्वाचं. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर दिलं, की काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच नीट दाखवता येतात. हा वाद आमच्या वर्गात दोन तास चालला. कोर्स बनवणारी एक मैत्रीण म्हणाली, "माझं क्लायंट विचारतं, व्हिडिओ किती मिनिटांचा. शिकणाऱ्याला काय येत नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही." शिक्षकांच्या बाकांवर शांतता होती. आम्हीही प्रोजेक्टर आधी घेतला होता आणि काय दाखवायचं ते नंतर शोधलं होतं.

तुमच्या फोनवर एखाद्या लर्निंग ॲपची जाहिरात येते, 'इतक्या पट वेगानं शिका' म्हणते, तेव्हा आमचा गृहपाठ तुम्हीही करू शकता. कोणी मोजलं? कुणावर? कशाशी तुलना करून? त्याला पदवी लागत नाही. आमच्या गुरुजींकडे नव्हतीच.

एम.ए. झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आता ते निवृत्त आहेत. सगळी हकिगत सांगितली, तुमचा प्रश्न बरोबर होता, असंही म्हणालो. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "मग त्या पुस्तकांचं काय झालं?"

यंदाच्या समितीच्या बैठकीत मी माझी जुनी स्लाइड पुन्हा लावली आणि त्यावरचे आकडे खोटे आहेत, हे सांगितलं. "मग खरा आकडा किती?" एकानं विचारलं. असा एक आकडा नाही, म्हटल्यावर लोकांची थोडी निराशा झाली. प्रोजेक्टर आम्ही काढून टाकलेला नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात, हे तो पुस्तकापेक्षा चांगलं दाखवतो. वर्गणीच्या यादीत मात्र पहिल्या ओळीत मी पुस्तकं लिहिली.