दुपारचा अर्धा तास

मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं, 'सर, दिवसभराच्या धावपळीत जाणीवपूर्वक थांबायचं कसं?' मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणजे ध्यानाबद्दल बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी तुम्हाला परळला नेणार आहे, १८८४ सालच्या.

त्या वर्षी सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे म्हणजे फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. कामगारांच्या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या झाल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १० जून १८९० या दिवशी ती मान्य झाली, आणि शाळेच्या पुस्तकात इतिहास तिथेच संपतो. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : दुपारी अर्धा तास सुट्टी.

अर्धा तास! आणि कामाची वेळ किती मागितली? सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांहून जास्त काम करायला ही माणसं तयार होती. एवढ्या लांब दिवसात त्यांना मध्ये एक छोटीशी जागा हवी होती, ज्या वेळेत यंत्र बंद राहील.

यावर मालकांच्या बाजूनं एक युक्तिवाद पुढेही वर्षानुवर्षं होत राहिला. कामगार तसाही सलग काम करत नाही. तो मधूनच बाहेर जातो, विडी ओढतो, रेंगाळतो. मग वेगळी विश्रांती कशाला? वरवर पाहिलं तर बिनतोड वाटतं, नाही का? पण इथेच खरी गोम आहे. मुकादमाची नजर चुकवून बाहेर बसलेल्या माणसाचे पाय थांबतात, कान मात्र आतच असतात. कुणी हाक मारली का, साचा अडला का, दंड तर होणार नाही ना... ती चोरलेली विश्रांती. लोखंड्यांना हवी होती हक्काची. घड्याळात दोन्ही सारखीच भरतील, पण चोरलेल्या वेळात मन सावध राहतं, आणि सावध मनाला विसावा कसला?

१८९१च्या कारखाना कायद्यानं दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी दिली. स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि दीड तास विश्रांती मिळाली. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र आणखी वीस वर्षं लागली. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले, वयाच्या पन्नाशीच्या आतच.

आता जरा माझ्याबद्दल. नोकरीत असताना दोन तासिकांच्या मधला चहा मी पेपर तपासत प्यायचो, आणि त्याचा मला अभिमान होता! आता निवृत्तीला बरीच वर्षं झाली. ना मुकादम, ना भोंगा. तरी परवा दुपारी आडवा झालो होतो आणि फोन वाजला. पलीकडून एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, 'सर, झोपला होतात का?' मी उशीवरून डोकं उचलून घाईघाईनं म्हणालो, 'छे छे, वाचत होतो.'

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. हे खोटं मी कुणाला भिऊन बोललो? आज दुपारी तुम्ही टेकाल, तेव्हा बघा, तुमच्याही तोंडून असलं काही निघतं का.