‘रेडियम’ची कुळकथा

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर किंवा आरटीओच्या रस्त्याला एक अरुंद गाळा हमखास सापडतो. दारात रंगीत गुंडाळ्या उभ्या केलेल्या असतात, काचेवर नमुन्याची अक्षरं असतात आणि वर पाटी असते ‘रेडियम आर्ट’. ट्रॅक्टरवरचं ‘आईचा आशीर्वाद’, रिक्षाच्या काचेवरचं कुलदैवताचं नाव, दवाखान्याच्या दारावरच्या वेळा, हे सगळं तिथं कापून चिकटवून मिळतं. गिऱ्हाईक आत शिरतं आणि विचारतं, “रेडियममध्ये नाव टाकायचंय, किती होतील?”

त्या गाळ्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो. असतं ते व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकचा पाठीला गोंद असलेला पातळ पापुद्रा. तरीही नाव रेडियमचंच. या नावामागं सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे. या प्रवासात वस्तू तीन वेळा पालटली, नाव मात्र तेच राहिलं. पाटीसाठी अक्षरं निवडताना आपली जी फसगत होते, तिचं मूळही इथंच आहे.

मारी आणि पिएर क्यूरी यांनी 1898 च्या डिसेंबरात रेडियमचा शोध जाहीर केला. पुढं काही वर्षांतच एक गोष्ट ध्यानात आली, की रेडियमचा अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळला तर ती भुकटी अंधारात हिरवट उजळते. तिला ऊन लागत नाही, वीज लागत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला काडी न ओढता घड्याळ पाहता यावं म्हणून तबकड्यांवर हा रंग चढला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली हे आकडे रंगवत. कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठात धरायला त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक आकड्यागणिक थोडं रेडियम पोटात जाई, हाडांत मुरे. जबडे झिजले, हाडं मोडली, कित्येकींचे जीव गेले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी 1927 मध्ये कोर्टात उभ्या राहिल्या आणि 1928 मध्ये कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. कामामुळं जडलेल्या आजाराची जबाबदारी मालकावर टाकणाऱ्या लढ्यांत या मुलींचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. अंधारात दिसणाऱ्या अक्षराची किंमत पहिल्यांदा मोजली ती त्यांनी.

रेडियमचं तेज निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांतच थकतं. त्यामुळं जुन्या घड्याळाची तबकडी काळोखी पडते, पण रेडियम तिच्यात तसंच असतं. पुढं घड्याळांतून रेडियम हद्दपार झालं. 1993 मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीनं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा, किरणोत्सर्ग नसलेला रंग आणला. दिवसा उजेड पिऊन घ्यायचा आणि रात्री तो हळूहळू सोडायचा, हे त्याचं काम. आपल्याकडं मात्र उशाचं घड्याळ ‘रेडियमचं’च राहिलं आणि मुलांच्या खोलीत छताला चिकटवायचे तारेसुद्धा ‘रेडियमचे’च झाले. अंधारात चमकतं ते रेडियम, असा अर्थ बोलीत पक्का झाला.

हाच अर्थ मग रस्त्यावर उतरला. 1939 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहराजवळ थ्रीएम कंपनीच्या परावर्तक पापुद्र्याची पहिली वाहतूक पाटी उभी राहिली. तिच्या पृष्ठभागात काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले होते. गाडीच्या दिव्याचा झोत मण्यात शिरतो, मागच्या बाजूला आपटतो आणि आला त्याच वाटेनं परत फिरतो. त्यामुळं दिव्यामागं बसलेल्या चालकाला पाटी पेटल्यासारखी दिसते. वास्तविक ही पट्टी स्वतः उजळत नाही, दिलेला उजेड तेवढा परत करते. पण अंधारात चमकते ना? मग तीही रेडियम. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून लाल-पिवळ्या पट्ट्या लावतात, त्याला आपण ‘रेडियम लावणं’ म्हणतो ते असं.

आता शेवटचा पालट. व्हिनाइलचा वंश वेगळाच आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ ऑयगेन बाउमान यांच्याकडं 1872 मध्ये व्हिनाइल क्लोराइड वायूच्या बाटलीत उन्हानं पांढरा घन साका जमला. तो ठिसूळ, कुणाच्या कामाचा नाही. 1926 मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्या खटाटोपात त्यांना हाच साका मऊ आणि लवचीक करण्याची युक्ती सापडली. 1935 मध्ये लॉस एंजेलिसला स्टँटन एव्हरी यांनी धुलाई यंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जोडून स्वतः चिकटणारी लेबलं कापणारं यंत्र बनवलं. पाणी नको, खळ नको, मागचा कागद सोलायचा आणि बोटानं दाबायचं. लवचीक पापुद्रा आला, चिकट पाठ आली. हवा होता तो अक्षर कापणारा हात.

तो हात आला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून सुटून 1940 मध्ये अमेरिकेत आलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीनं ‘साइनमेकर’ हे यंत्र बाजारात आणलं. संगणकाच्या हुकमानं चालणारं पातं व्हिनाइल कापतं आणि खालचा कागद मात्र शाबूत ठेवतं. नको असलेला भाग चिमट्यानं सोलायचा, वर चिकटपट्टी दाबून सगळी अक्षरं एकदम उचलायची आणि जागेवर बसवायची. पेंटरला दिवसभर लागणारं काम तासाभरात होऊ लागलं.

हे यंत्र मराठीत आलं तेव्हा त्याला शिरोरेखेची ओळख करून द्यावी लागली. रोमन अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं एकमेकांना खेटून, क्वचित एकमेकांवर चढून उभी असतात. संगणकातलं प्रत्येक अक्षर ही यंत्राच्या लेखी वेगळी आकृती, म्हणून जिथं दोन अक्षरं भिडतात तिथं पातं आडवं फिरतं आणि शिरोरेखेचे तुकडे पडतात. म्हणून कापण्याआधी सगळ्या आकृत्या जोडून एक करतात, त्याला कारागीर ‘वेल्ड करणं’ म्हणतात. हे नीट केलं की शिरोरेखा उपकार फेडते. सगळा शब्द एकसंध पट्टीसारखा उचलला जातो आणि ओळ वाकडी जात नाही. धोका उरतो अनुस्वाराचा. सोलताना एवढंसं टिंब कचऱ्याबरोबर निघून जातं आणि ‘मंदिर’चं ‘मदिर’ होतं. नमुना संगणकावर वाचून मान डोलावू नका. पाटी चिकटली की टिंबं मोजा.

2022 मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नये, हेही कायद्यात आलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या घाईनं बदलल्या गेल्या. म्हणून निवडीचं थोडं सविस्तर सांगतो.

व्हिनाइल दोन तऱ्हांनी बनतं. एक पोळीसारखं, गरम गोळा रुळांमधून लाटून. दुसरं आंबापोळीसारखं, पातळ रस पसरून आणि वाळवून. लाटलेल्या पोळीत ताण राहतो, ती आक्रसू पाहते. लाटलेलं व्हिनाइल तसंच उन्हात आक्रसतं, त्याच्या कडा उचलतात आणि भोवती काळी गोंदाची रेघ दिसू लागते. त्याची जाडी साधारण 70 ते 100 मायक्रॉन. पसरून वाळवलेलं सुमारे 50 मायक्रॉनचं, पण बिनताणाचं असतं. ते गाडीच्या गोलाईवर, पत्र्याच्या वळ्यांवर बसतं आणि उन्हापावसात जास्त वर्षं टिकतं. साहजिकच महाग असतं. दुकानातल्या काचेला किंवा वर्षभराच्या सवलतीच्या पाटीला लाटलेलं पुरे. ट्रकच्या पत्र्याला, रुग्णवाहिकेला, शाळेच्या बसला पैसे वाचवू नका.

अक्षर किती मोठं? पाटी करणारे एक साधा हिशोब धरतात, दर दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर चार इंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली जातात, त्यांची जागा निराळी सोडायची. एकूण उंची चार इंच धरली तर मूळ अक्षर अडीच इंचांवर येतं आणि मग पाटी वाचता येत नाही अशी तक्रार होते. काळसर काचेवर लाल अक्षर दुरून काळंच दिसतं. तिथं पांढरं किंवा पिवळं घ्यावं. अक्षराची रेघही जाड हवी. बारीक, नखरेल वळण लग्नपत्रिकेत शोभतं, रस्त्यावरून ते दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्या नावाबद्दल. ‘रेडियम द्या’ एवढं म्हटलं की समोर तीनपैकी काहीही येऊ शकतं. साधं व्हिनाइल रात्री दिसत नाही, त्याला वर दिवा हवा. उजेड साठवणारं काही तास मंदपणे उजळतं, ते बटणाला आणि जिन्याला ठीक. परावर्तक पट्टी गाडीच्या झोताला तेवढीच जागी होते, आणि वाहनाच्या मागं तीच लागते. चमकदार साधं व्हिनाइल दिवसा परावर्तक पट्टीसारखंच दिसतं, म्हणून चूक कळत नाही. ती कळते रात्री, तीही मागून येणाऱ्याला.

खात्री करायला यंत्र लागत नाही. अंधार पडल्यावर ट्रॉलीपासून पन्नास पावलं मागं जा, टॉर्च डोळ्यांजवळ धरा आणि झोत पट्टीवर टाका. पट्टी पेटल्यासारखी दिसली तर ती खरी. नुसता लाल रंग दिसला तर ती सोलून काढा आणि दुसरी लावा. हंगाम सुरू होण्याआधी हे एवढं कराच.