तळटीप १७ : ‘कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्राम उतरवणे’

१७. येथे अभिप्रेत असलेले यंत्र म्हणजे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये आणला. शाळांत रुळला तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय). महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. त्यामुळे पेठसारख्या तालुक्यात शिकलेल्या वाचकाच्या हातात हे यंत्र बहुधा आलेले नसते. अमेरिकेतील मराठी घरांत आणि मुंबई-पुण्याच्या आयबी शाळांत मात्र ते दप्तरातच असते.

प्रोग्राम यंत्राच्या कळांवरूनही लिहिता येतो, पण लांब प्रोग्राम असा लिहिणे फार कष्टाचे. म्हणून तो संगणकावर तयार करून केबलने पाठवतात. टीआय-८३ ला (१९९६) अडीच मिलिमीटरच्या पिनेची केबल लागे. तिचे दुसरे टोक संगणकाच्या सिरियल पोर्टमध्ये जाई. टीआय-८४ प्लसला (२००४) यूएसबी आले. संगणकावर ‘टीआय कनेक्ट’ उघडून फाइल निवडली की ती यंत्रात जाते आणि ‘पीआरजीएम’ कळ दाबल्यावर यादीत दिसते.

प्रोग्राम रॅममध्ये राहतो. टीआय-८४ प्लसमध्ये त्यासाठी जेमतेम २४ किलोबाइट जागा आहे, आणि यंत्र रीसेट झाले की तिथले सारे पुसले जाते. जपायचे ते आर्काइव्हमध्ये हलवणे शहाणपणाचे. चालवण्याआधी ते पुन्हा रॅममध्ये आणावे लागते. मूळ मजकुरातला मुलगा रात्रभराचे काम गमावतो, ते याच कारणाने.