गावच्या विजेवर टिकणारा दिवा

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले, परळी–लातूर रोड लोहमार्गावरचे गाव. शेजारच्या परळीत औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालेले हे केंद्र आता २५० मेगावॅटच्या संचांवर चालते. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले होते. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, शिवाय वाफ थंड करायला पाणी लागते. दुष्काळी टापूत घरातला दिवा निवडताना एवढी पार्श्वभूमी पुरे.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण उजेडही वॅटमध्येच मोजत आलो, म्हणून दुकानात अजून ‘साठचा द्या’ असे ऐकू येते. तारेचा ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो, म्हणजे वॅटमागे बाराच्या आसपास. टंगस्टनची तार तापून पांढरी होते तेव्हा बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, उजेड हा जोडधंदा. एलईडीत तार तापवावी लागत नाही. गॅलियम नायट्राइडच्या चकतीतून निळा प्रकाश निघतो, तिच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही भाग शोषून पिवळा करतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चे भौतिकीचे नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. बाजारातला ९ वॅटचा साधा एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो.

आता हिशेब. ६० च्या जागी ९ वॅटचा दिवा आला की ५१ वॅट वाचतात. रोज पाच तास धरले तर वर्षाला ९३ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांपुढे दर एकदम चढतो, आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होते. म्हणून महिना १२० युनिट जाळणाऱ्या घराला हे युनिट महागाचे वाचते. ७० युनिटांच्या घराला तेच स्वस्तातले. बचतीच्या जाहिराती सरासरी दराने गुणतात, त्या दोन्ही घरांना खोट्या ठरतात.

तारेच्या बल्बवरून एलईडीवर येण्याचा टप्पा बहुतेक घरांनी ओलांडला आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी वाटले गेले, आणि सरकारी कंपनी ईईएसएलचा खरेदीदर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यामुळे खरा प्रश्न पुढचा: एलईडी-एलईडीत निवड कशी करायची?

लोक तारे मोजतात. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन एलईडी दिव्यांना २०१८ पासून सक्तीचे आहे आणि ते वॅटमागे किती ल्युमेन यावर ठरते. पण ९०० ल्युमेन देणारे दोन दिवे घ्या, एक वॅटमागे ९० चा आणि दुसरा १२० चा. पहिला १० वॅट खाईल, दुसरा साडेसात. फरक वर्षाला साडेचार युनिट. एवढ्याची किंमत एका बल्बच्या किमतीपेक्षाही बरीच कमी. बल्ब दरवर्षी उडत असेल तर ताऱ्यांची बचत कुठल्या कुठे वाहून जाते. गावात एलईडी निवडायचा तो आधी टिकाऊपणावर, मग ताऱ्यांवर, असे माझे मत आहे.

एलईडी उडतो म्हणजे काय होते? प्रकाश देणारी चकती सहसा मरत नाही. मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे बुडातले विद्युत सर्किट. घरातल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाला सरळ करून तो चकत्यांना ठरावीक प्रवाह देतो. स्वस्त बल्बमध्ये हे काम एका छोट्या चिपवर भागवलेले असते. तिच्यात व्होल्टेज उतरले की उजेड मंदावतो, चढले की जादा भार उष्णता होऊन तिथेच साठतो. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या, वायरीच्या टोकाच्या घराला दोन्ही अनुभव रोजचे: संध्याकाळी सगळे गाव एकदम दिवे-टीव्ही लावते तेव्हा व्होल्टेज बसते, मध्यरात्री भार उतरला की वर जाते. चांगल्या ड्रायव्हरच्या खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा रुंद पल्ला छापलेला असतो आणि त्या पल्ल्यात उजेड हलत नाही. त्याच खोक्यावर ‘४ केव्ही सर्ज’ असे लिहिलेले दिसले तर अवकाळीच्या विजांच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो. घरावरच वीज पडली तर मात्र ४ केव्हीने काही होत नाही. पॉवर फॅक्टरचा आकडाही छापतात; घरगुती बिलात तो मोजला जात नाही, त्याचा फायदा डीपीला.

दुसरा शत्रू उष्णता. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीपार. पत्र्याच्या घरात छताला चिकटून लावलेल्या, वर बंद काचेच्या भांड्यात कोंडलेल्या बल्बचे काय होत असेल ते सांगायला नको. माळवदाच्या घरात तोच बल्ब जास्त जगतो. पत्र्याखाली दिवा लावायचा तर वायर खाली सोडून हातभर खाली, मोकळ्या हवेत लावावा. खोक्यावरचे ‘२५,००० तास’ हे आयुष्य चकतीचे: उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे. रोज पाच तासांनी ते जवळजवळ पावणेचौदा वर्षे भरते, आणि हमी मात्र एक-दोन वर्षांचीच. कंपनीचा स्वतःच्या ड्रायव्हरवर किती विश्वास आहे ते हमीच्या वर्षांतून कळते. उजालाच्या बल्बला तीन वर्षांत बदलून देण्याची हमी होती. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला बल्ब आठवडी बाजारातून कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

किती उजेड लागतो तेही मोजता येते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. ९०० ल्युमेनचा एक बल्ब लावला आणि निम्मा उजेड भिंती-छतात जिरला असे धरले, तर मिळतात ४० लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे ४० ल्युमेन. झोपायला पुरेसे, बसण्याउठण्याला १०० च्या आसपास हवे, म्हणजे २० वॅटची एलईडी पट्टीच लागेल. भिंत धुराने काळवंडलेली असेल तर याहून जास्त. चुना मारला तर त्याच विजेत खोली उजळते, आणि मला वाटते हा घरातला सर्वांत स्वस्त दिवा आहे. अभ्यासाला ३०० लक्स लागतात, पण तेवढे सगळ्या खोलीला नकोत. वहीपासून दोन फुटांवर लहान दिवा ठेवला की काम होते. ओट्यावरही तेच: स्वयंपाक करणारीची सावली तिच्याच पातेल्यावर पडू नये म्हणून दिवा पाठीमागे न लावता ओट्याच्या वर लावावा.

रंगाबद्दल थोडक्यात. ६५०० केल्विन हा थंड पांढरा उजेड लोकांना ‘जास्त’ वाटतो, ल्युमेन तेवढेच असले तरी. झोपायच्या खोलीत ३००० चा पिवळसर बरा; अंगणातही तोच, पावसाळ्यात त्याभोवती किडे कमी येतात. दुकानात दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर दिवा लुकलुकतो, आणि त्याखाली वाचणाऱ्याचे डोके दुखू शकते. बटण बंद केल्यावरही बल्ब मंद पेटत राहिला तर दोष बहुधा बल्बचा नसतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेले असते. वायरमनला दाखवून घ्यावे, कारण अशा होल्डरमध्ये बटण बंद असतानाही फेज असते.

भारनियमनासाठी बॅटरीचा इन्व्हर्टर बल्ब हल्ली घरोघर दिसतो. तो घरभर लावू नये. आतली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर थकते आणि बल्बची किंमत तिच्यासाठीच मोजलेली असते. स्वयंपाकघरात एक, जिन्यात किंवा न्हाणीघराकडे एक, बस्स.

घरातले सगळे दिवे एलईडी झाले की पुढची बचत दिव्यात शोधू नये. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) बसवला आणि तो वर्षातले आठ महिने रोज १५ तास फिरला, तर एका पंख्यामागे सुमारे १६२ युनिट वाचतात. घरातल्या पंधरा-वीस दिव्यांचे तारे वाढवूनही एवढी बचत बहुधा होणार नाही.