इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचे मराठी भाषांतर

इंग्रजीतील 'इन', 'ऑन', 'ॲट', 'बाय', 'विथ' यांसारखी अव्यये नामाच्या आधी येतात. मराठीत त्यांचे कार्य नामाला मागून जोडले जाणारे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात. त्यामुळे भाषांतरात शब्दांचा क्रम उलटतो आणि बहुधा नामाचे सामान्यरूपही करावे लागते: पाणी–पाण्यात, घोडा–घोड्यावर, नागपूर–नागपुरात.

== स्थळ ==
गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी या गावाचे नाव घेतले, तर 'तो केशोरीला गेला' येथील '-ला' हा इंग्रजी 'टू'चा अर्थ देतो. 'तो केशोरीला राहतो' येथे मात्र तोच प्रत्यय 'ॲट' किंवा 'इन'च्या जागी येतो. अर्थ क्रियापदावरून ठरतो. 'घरी' आणि 'घरात' हा भेद याहून सूक्ष्म आहे: पहिल्यात मुक्काम, दुसऱ्यात भिंतींच्या आतली जागा अभिप्रेत असते. झाडीबोलीच्या या पट्ट्यात कानावर पडणाऱ्या गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषाही संबंधदर्शक घटक नामानंतरच ठेवतात; म्हणून येथील विद्यार्थ्याला इंग्रजीचा क्रम सर्वस्वी नवा असतो.

== काळ ==
सकाळी, रात्री, सोमवारी या तिन्ही रूपांत मराठीला एकच 'ई' प्रत्यय पुरतो. इंग्रजीत त्यांसाठी अनुक्रमे 'इन', 'ॲट' व 'ऑन' लागतात. डॅनिशमध्ये तर येत्या सोमवारसाठी एक अव्यय आणि गेल्या सोमवारसाठी दुसरे वापरतात.

खरी अडचण 'पर्यंत'ची आहे. मुदतदर्शक 'बाय' आणि 'अनटिल' या दोहोंसाठी मराठीत तोच शब्द रूढ आहे. 'काम ३१ मार्चपर्यंत करावे' यातून त्या दिवशी काम पूर्ण हवे की तोवर चालू ठेवायचे, हे कळत नाही. '३१ मार्चपूर्वी' असे लिहिल्यास तो दिवसच वगळला जातो. सूचना, करार व अर्जांच्या मुदतींत '३१ मार्च रोजी किंवा त्यापूर्वी पूर्ण करावे' ही लांब रचनाच निःसंदिग्ध ठरते.

== साधन व सोबत ==
'विथ'साठी चाकूने कापणे, मित्राबरोबर जाणे, शिक्षकांशी बोलणे अशी निरनिराळी रूपे लागतात. 'बाय'चे भाषांतर सरसकट 'द्वारे' असे करण्याची कार्यालयीन सवय मात्र मराठीला जड जाते. 'समितीद्वारे निर्णय घेण्यात आला' यापेक्षा 'समितीने निर्णय घेतला' हे सरळ आहे.

== कोश व व्याकरण ==
मोल्सवर्थ यांनी आरंभलेला व थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी अव्ययांचा सविस्तर विचार मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात आढळतो. कोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापेक्षा इंग्रजी क्रियापदासह संपूर्ण वाक्यांश पाहणे अधिक उपयोगी पडते: इंग्रजीत पक्षी झाडाच्या 'आत' बसतो, मराठीत तो झाडावर बसतो.