सीटी व्हॅल्यू, सीआरपी, डी-डायमर : रिपोर्टमधले आकडे नेमकं काय सांगतात?

2021 च्या रमजानमध्ये कोरोनाची दुसरी लाट शिगेला होती. नया नगर असो की भाईंदर पश्चिम, घराघरात एकच सवाल : सीटी किती आला? रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून पालक तो आम्हा शिक्षकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. तेव्हाचे गैरसमज आजही कायम आहेत. फ्लू आला, खोकला लांबला की तेच आकडे पुन्हा समोर येतात.

आधी एक घोळ मिटवू. सीटी व्हॅल्यू आणि सीटी स्कॅनचा स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनचा स्कोअर 25 पैकी असतो. तो जितका जास्त, तितकं फुफ्फुसाचं नुकसान जास्त. सीटी व्हॅल्यूचं उलट आहे. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा अंश दर फेरीत साधारण दुप्पट होतो आणि किती फेऱ्यांनी तो मशीनला दिसला, ते हा आकडा सांगतो. आकडा लहान म्हणजे विषाणू जास्त. 20 आणि 30 मध्ये फरक दहाचा वाटतो, पण तो 2 चा दहावा घात आहे, म्हणजे जवळपास हजारपट!

मग सीटी 18 म्हणजे पेशंट गंभीर आणि 32 म्हणजे बिनधास्त? नाही. स्वॅब कसा घेतला, कितव्या दिवशी घेतला, किट कोणतं, यावर आकडा बदलतो. महाराष्ट्र सरकारने पॉझिटिव्हची मर्यादा 24 वर आणता येईल का, असं विचारलं होतं. आयसीएमआरने एप्रिल 2021 मध्ये 35 हीच मर्यादा कायम ठेवली. सीटीवरून आजाराची तीव्रता ठरवू नका, हेही बजावलं.

रक्ताचे रिपोर्ट वेगळी गोष्ट सांगतात. सीआरपी, फेरिटिन आणि आयएल-6 हे शरीरातल्या दाहाचे, म्हणजे सूज-जळजळीचे निशाण. डी-डायमर गुठळ्यांचा इशारा देतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटल्या तर तीही काळजीची बाब. नाका-घशातला विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सर्वात जास्त असतो, नंतर उतरतो. दाह मात्र बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात भडकतो. म्हणून विषाणू कमी होत असतानाच सीआरपी चढलेला दिसू शकतो. विषाणूचा अंश रक्तातच सापडला तर गोष्ट निराळी : बॉस्टनच्या रुग्णालयांतल्या 2020 च्या अभ्यासात अशा रुग्णांचे दाहाचे आकडे जास्त आणि लिम्फोसाइट कमी आढळले. पण ही तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही.

हा क्रम न समजल्याने मोठं नुकसान झालं. सीटी कमी आला म्हणून घाबरून काहींनी पहिल्याच दिवसांत स्टेरॉइड सुरू केलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच दिसला; ऑक्सिजन न लागणाऱ्यांना नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये बेहिसाब स्टेरॉइडने साखर वाढली, त्यातून काळ्या बुरशीला वाट मिळाली.

घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यापेक्षा जास्त कामाचं. 94 च्या खाली गेलं की लॅबच्या कागदाची वाट न बघता दवाखाना गाठा.

दोन लॅबचे सीआरपी ताडून बघताना एकक आधी पाहा. एकीकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरीकडे प्रति डेसिलिटर असेल तर 50 आणि 5 हा एकच आकडा असतो.