पोढी, बारव आणि जलाशय : जुन्नर-आंबेगावच्या पाण्याची तीन रूपे

१/ सहकुटुंब सहलीत मुलांना उथळ पाण्यात खेळू द्यावे की खोल पाण्यात पोहायला न्यावे? जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाचे उत्तर कधीकाळी दगडातच कोरलेले होते. #थ्रेड

२/ पहिले रूप पोढीचे, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्याचे. शिवनेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी व मंडप दिल्याचे सांगितले आहे. वर्ष ४६, ते शकाचे मानल्यास इ. स. १२४.

३/ अनेक पोढ्यांचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. ऊन कमी पोहोचते, पाणी कमी आटते. हे पाणी उपसून पिण्याचे. त्यात उतरणे अभिप्रेतच नव्हते.

४/ दुसरे रूप बारवेचे. मंचरच्या जुन्या बारवेत पायऱ्या टप्प्याटप्प्याने पाण्यापर्यंत उतरतात. समोरच्या भिंतीतील कोनाड्यात झिजलेला देवनागरी लेख आहे. पायरी म्हणजे खोलीचे मापच : घोटा, गुडघा, कंबर. पुढचे पाऊल कुठे पडणार, हे उतरणाऱ्याला ठाऊक असते.

५/ तिसरे रूप धरणाचे. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले; तालुक्याला नाव देणारे गावच पाण्याखाली गेले. जलाशयाला महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू (मृत्यू १२ डिसेंबर १९३०) यांचे नाव आहे. हे पाणी सिंचनासाठी साठवलेले. त्याला पायऱ्या नाहीत, पातळी ऋतूगणिक बदलते आणि तळाशी गाळ व जुने उतार आहेत. काठावरून खोली कळत नाही.

६/ उथळ पाणीही नेहमी सुरक्षित नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाऊस वाढला आणि साधा प्रवाह लोंढा झाला. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने जुन्नर-आंबेगावसह अनेक तालुक्यांतील पर्यटनस्थळी निर्बंध लागू केले.

७/ म्हणून ‘उथळ की खोल?’ हा प्रश्न अपुरा आहे. तळ माहीत आहे का, पाणी स्थिर आहे का आणि परत वर येण्याची वाट कुठे आहे, हे आधी विचारावे. बारव बांधणाऱ्यांनी या तिन्हींची सोय पायऱ्यांनी केली होती. जिथे पायरी नाही, तिथे पाणी काठावरूनच पाहावे.